संगणकावरचे चित्र नाहीसे होते तेव्हा

गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे जुन्या संगणकांविषयी विचारणा करणारी पत्रे वाढली आहेत. कारण उघड आहे. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० ची नियमित देखभाल थांबली आणि घरोघरीचे चांगले चालते संगणक एका रात्रीत ‘जुने’ ठरले. या पत्रांतील एक पत्र दक्षिणेकडील एका भगिनींचे आहे. त्यांच्या घरच्या संगणकाच्या पडद्यावर नातवाच्या मुंजीचे चित्र होते, ते एके दिवशी गेले आणि उरला केवळ काळा पडदा. “बाकी सर्व व्यवस्थित चालते, तेव्हा एवढ्याशा चित्रासाठी कोणास बोलवावे की नाही, असा संकोच वाटतो,” असे त्या लिहितात.

भगिनींनी संकोच बाळगू नये. एरवी आम्हीही या प्रश्नास दोन ओळींत उत्तर दिले असते आणि पुढच्या पत्राकडे वळलो असतो. परंतु मागच्या वर्षीच्या पौषात हाच प्रसंग आमच्यावर आला, आणि त्यात आम्ही काय गमावण्याच्या बेतात होतो हे आठवले म्हणजे अजून हात थबकतो. म्हणून यंदाचे हे पान त्याच विषयास देत आहोत.

आमचा संगणक २०१२ सालच्या दिवाळीतला. त्यावर विंडोज ७ आहे. तिची देखभाल १४ जानेवारी २०२० लाच संपली, म्हणजे आमच्याप्रमाणेच तोही सेवानिवृत्तीनंतर कामावर आहे. बँकेचे व्यवहार आम्ही त्यावर करीत नाही. ज्या प्रणालीस सुरक्षेची नवी ठिगळे मिळत नाहीत तिच्यावर करू नयेत, हे वाचकांनीही ध्यानात ठेवावे. पत्रे लिहावी, जुनी गाणी ऐकावी, हिशेब मांडावे, एवढ्यास तो पुरेसा आहे.

या संगणकाच्या पडद्यावर गेली बारा वर्षे एकच चित्र होते. लष्करातील आमच्या जुन्या वाड्याचा चौक, मधोमध तुळशीवृंदावन आणि त्याच्याशी उभी असलेली आमची आई. १९६८ सालचे कृष्णधवल छायाचित्र. आमच्या थोरल्या बंधूंनी एका मित्राचा कॅमेरा चार दिवसांकरिता आणला होता आणि त्या चार दिवसांत घरातल्या प्रत्येकाला उन्हात उभे राहावे लागले होते. आई उभी राहावयास तयार नव्हती. वाळवण राखायचे आहे, असे निमित्त सांगत होती. शेवटी हातातले सूप तसेच धरून उभी राहिली.

ग्वाल्हेरच्या वाचकांस वाड्याचे वर्णन करून सांगावयास नको. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला, त्या तळाचे गाव झाले आणि गावाचे नाव लष्करच राहिले. त्या लष्करातल्या गल्ल्यांत चौकाचे वाडे होते तसा आमचाही एक होता. तो १९९४ साली विकला गेला. त्या जागी आता दुकाने आहेत आणि वर तीन मजले आहेत. चौकाचे दुसरे छायाचित्र आमच्या कुटुंबात कोणाकडेही नाही. आईचे आहेत, परंतु ते लग्नाकार्यातले, शालू नेसून, ताठ बसलेले. घरातल्या आईचे हे एवढेच.

कागदावरची मूळ प्रत ट्रंकेत होती, ती वाळवीने खाल्ली. सुदैवाने तत्पूर्वी, २००५ साली, आम्ही ती एका छायाचित्रकाराकडून संगणकात घेववली होती. त्या वेळी आमच्याकडे मोठ्या खोक्यासारखा पडदा होता, १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा. त्याने त्याच मापाला चित्र कापून दिले. ही मापे वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. आमच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. उजवा डोळा अद्याप व्हावयाचा होता. पडद्यावरची अक्षरे एकमेकांत मिसळत. एका संध्याकाळी घरात कोणी नसताना ती मोठी करावी म्हणून आम्ही संगणकाच्या नियंत्रण-फलकात शिरलो. तेथे अपंग व दृष्टिमंद व्यक्तींच्या सोयीचा एक विभाग असतो, ‘ईज ऑफ अ‍ॅक्सेस’ नावाचा. त्यात ‘पडदा अधिक सुस्पष्ट करा’ अशा अर्थाचे एक पान होते. पान मोठे आशादायक वाटले. त्यावरच्या चौकोनांत आम्ही एकामागून एक खुणा केल्या, मान्य असल्याचे बटण दाबले आणि संगणक बंद करून जेवावयास गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर दाट धुके होते. ग्वाल्हेरच्या पौषातली सकाळ, शाल लपेटून आम्ही यंत्र सुरू केले, तो पडदा काळा. चिन्हे तेवढी अंधारात लटकत होती. आई नव्हती, वृंदावन नव्हते.

आदल्या संध्याकाळच्या खुणांचा आणि या अंधाराचा संबंध आमच्या ध्यानात आला नाही, हे कबूल केले पाहिजे. यंत्र जुने, काहीतरी बिघडले असणार, एवढेच मनात आले. आम्ही संगणक दुरुस्त करणाऱ्या एका तरुणास बोलाविले. मुलगा हुशार आणि नम्र होता. त्याने पडद्यावर माऊसचे उजवे बटण दाबून चित्राची मांडणी पाहिली. तेथे ‘स्ट्रेच’ म्हणजे ताणून बसविणे हा पर्याय निवडलेला होता. ते पाहून तो म्हणाला, “बाबूजी, ये तो बीस वाली बीमारी है.”

‘बीस वाली बीमारी’ ही खरीच घडलेली गोष्ट आहे आणि पुष्कळांस ठाऊक नसेल म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. विंडोज ७ ची देखभाल ज्या दिवशी संपली त्याच दिवशी, १४ जानेवारी २०२० ला, तिचे शेवटचे सार्वजनिक अपडेट निघाले. त्याचा क्रमांक केबी ४५३४३१०. ते बसविल्यावर, ज्यांनी आपले चित्र ‘स्ट्रेच’ पद्धतीने लावले होते त्यांच्या पडद्यावर चित्राऐवजी काळोख दिसू लागला. ज्यांनी ‘फिल’, ‘फिट’, ‘टाइल’ किंवा ‘सेंटर’ यांपैकी काही निवडले होते त्यांस काहीच झाले नाही. कंपनीने दोष मान्य केला. प्रथम तिने सांगितले, की दुरुस्ती केवळ पैसे भरून वाढीव देखभाल घेणाऱ्यांस मिळेल. परंतु पुढे विचार बदलला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये केबी ४५३९६०२ हे दुरुस्तीचे अपडेट सर्वांसाठी खुले केले. निरोपाच्या दिवशी पाहुण्याने जाता जाता दिवा मालवावा आणि मग परत येऊन लावून द्यावा, तसे झाले. ज्यांच्या संगणकावर पहिले अपडेट आले आणि दुसरे आले नाही, त्यांच्याकडे हा दोष आजही असू शकतो. उपाय सोपा आहे, ‘स्ट्रेच’ सोडून दुसरा कोणताही पर्याय निवडावा.

तरुणाचे निदान म्हणून अगदीच निराधार नव्हते. परंतु त्याने त्यापुढे एक उपाय सुचविला. विंडोज जे चित्र पडद्यावर लावते त्याची एक स्वतःची प्रत करून ठेवते, ती प्रत कधीकधी बिघडते, ती पुसून टाकावी, म्हणजे मूळ चित्र पुन्हा निवडले की नवी प्रत आपोआप तयार होते. “ये फाइल डिलीट कर देते हैं, फिर आप फोटो दोबारा लगा लीजिएगा.” आम्ही मान डोलावली.

आमच्या सूनबाई स्वयंपाकघरातून चहा घेऊन येत होत्या. त्या दारातच थांबल्या.

“बाबा, मूळ फोटो कुठे आहे?”

“संगणकात,” आम्ही म्हणालो.

“संगणकात कुठे?”

आम्ही काळ्या पडद्याकडे बोट दाखविले आणि आमच्याच लक्षात आले, की आम्हांला उत्तर ठाऊक नाही. बारा वर्षे रोज डोळ्यांसमोर होते, म्हणून ते ‘आहे’ असे आम्ही धरून चाललो होतो. वास्तविक २०१२ साली नवा संगणक आला तेव्हा आम्ही ते चित्र पेनड्राइव्हवरून थेट पडद्यावर लावले होते. यंत्रात कोठे साठवून ठेवण्याचे मनातच आले नव्हते. तो पेनड्राइव्ह कोणत्या वर्षी हरवला तेही सांगता येत नाही. छायाचित्रकाराने दिलेली सीडी सापडली, परंतु तिचा चकचकीत थर एका बाजूने पापुद्र्यासारखा सुटला होता आणि कोणत्याही यंत्राने ती वाचली नाही. जुना खोक्याचा संगणक २०१२ सालीच रद्दीत गेला होता.

म्हणजे जी प्रत पुसून टाकण्यास आम्ही मान डोलावली होती, ती जगातली एकमेव प्रत होती. पुसली नसती आणि नुसते दुसरे एखादे चित्र पडद्यावर लावून पाहिले असते, तरीही ती गेलीच असती. कारण नवे चित्र लावले की विंडोज त्याच जागी नवी प्रत लिहिते.

चहा तसाच राहिला. तो तरुणही गंभीर झाला. त्याने माऊसवरून हात काढून घेतला आणि क्षणभर कोणी काही बोलले नाही.

ही प्रत कोठे असते ते येथे सांगून ठेवतो, कारण कोणा ना कोणा वाचकास तिची गरज पडेलच. विंडोज ७ मध्ये ‘यूजर्स’ या फोल्डरात आपल्या नावाचे फोल्डर असते, त्यात ‘अ‍ॅपडेटा’, त्यात ‘रोमिंग’, मग ‘मायक्रोसॉफ्ट’, मग ‘विंडोज’, आणि शेवटी ‘थीम्स’. या ‘थीम्स’मध्ये ‘ट्रान्सकोडेडवॉलपेपर’ नावाची फाइल असते. ‘अ‍ॅपडेटा’ हे फोल्डर लपविलेले असल्यामुळे साध्या नजरेस दिसत नाही. फोल्डरांच्या मांडणीत जाऊन लपलेल्या फाइली दाखविण्याची खूण करावी लागते. किंवा स्टार्टच्या शोधचौकटीत टक्क्याच्या दोन चिन्हांच्या मध्ये ‘अ‍ॅपडेटा’ असे इंग्रजीत लिहून एंटर दाबले, तर थेट ‘रोमिंग’मध्ये जाता येते. विंडोज ८ व १० मध्येही फाइल याच ठिकाणी असते, मात्र तिच्या नावापुढे चित्राची शेपटी नसते. ती दुसरीकडे उतरवून घेऊन नावापुढे टिंब देऊन ‘जेपीजी’ ही अक्षरे इंग्रजीत जोडावी, म्हणजे उघडते. त्याहून जुन्या एक्सपीमध्ये लावलेल्या जेपीजी चित्राचे बिटमॅप करून ते निराळ्या फोल्डरात ठेवलेले असते. ही प्रत मूळ चित्राची बरोबरी करीत नाही, विंडोज ते पुन्हा दाबून बसविते. पण जेथे मूळच नाही तेथे बरोबरी कोणाशी करावयाची?

तरुणाने ‘थीम्स’ उघडले. फाइल होती. त्याने ती प्रथम संगणकात दुसऱ्या ठिकाणी उतरवून घेतली, मग सूनबाईंच्या पेनड्राइव्हवर, आणि सूनबाईंनी तेथल्या तेथे ती आपल्या फोनवरही घेतली. मगच त्याने ती उघडून पाहिली.

पडद्यावर आई आली. परंतु ती आमच्या ओळखीची आई नव्हती.

येथे मापांचा तो हिशेब येतो. आमचा नवा पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा. चित्र १०२४ बाय ७६८ चे. उंची तीच, रुंदी कमी. मधली जागा रिकामी राहू नये म्हणून आम्ही २०१२ साली ‘स्ट्रेच’ निवडले होते, म्हणजे १०२४ ठिपक्यांची आई १३६६ ठिपक्यांवर ताणून बसविली होती. रुंदीत एक तृतीयांशाची वाढ. वृंदावन पसरट दिसे, सूप परातीएवढे दिसे, ते आमच्या ध्यानात होते. कधीकधी त्यावर थट्टाही होई. पण आईच्या बाबतीत मात्र बारा वर्षे रोज पाहून ती तशीच गोल चेहऱ्याची, भरल्या अंगाची होती असे आमच्या मनाने धरले होते. खरे चित्र उघडले तेव्हा सूप धरलेली एक अतिशय किरकोळ बाई समोर उभी होती. गळ्याची हाडे दिसत होती. त्या वर्षी घरात अकरा माणसे जेवणारी होती आणि वडिलांची नोकरी सुटलेली होती, हे आम्हांस ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि दिसणे यांत अंतर असते.

बडोद्याला आमच्या ताईस सूनबाईंनी ते चित्र लगेच फोनवर पाठविले. अर्ध्या तासाने ताईचा फोन आला. तिचे वय आता चौऱ्याऐंशी.

“अरे, डाव्या बाजूला दारात कोण उभं आहे, पाहिलंस का?”

आम्ही पाहिले नव्हते. पाहणार कसे? संगणकाच्या पडद्यावर चिन्हांची रांग डावीकडेच असते आणि सर्वांत वर असते ती कचरापेटी. ती बरोबर त्याच जागी बारा वर्षे बसली होती. चित्र मोठे करून पाहिले, तो स्वयंपाकघराच्या दाराआड अर्धी लपून एक आकृती उभी होती. डोक्यावरून घट्ट पदर ओढलेला, एक हात चौकटीवर.

“आत्याबाई आहे ती,” ताई म्हणाली. आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

आत्याबाई म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तेराव्या वर्षी वैधव्य आले आणि भावाकडे परत आली ती १९७१ साली वारेपर्यंत त्याच घरात राहिली. आम्हां सर्व भावंडांना तिनेच वाढविले असे म्हटले तरी चालेल. कॅमेरा दिसला की ती आत निघून जाई. आमच्यासारख्यांनी कशाला चित्रात यावे, असे म्हणे. तिचे एकही छायाचित्र नाही, असे आम्ही सर्वजण पन्नास वर्षे समजत होतो. थोरल्या बंधूंनाही ती चौकटीत आली आहे हे कळले नसावे. तेही आता नाहीत.

असो. संगणक अजून काळाच होता. आता प्रती सुरक्षित असल्यामुळे तरुणाने निर्धास्तपणे प्रयोग सुरू केले. प्रथम ‘स्ट्रेच’ काढून ‘फिल’ केले. काळेच. म्हणजे ‘बीस वाली बीमारी’ नव्हती. मग विंडोजबरोबर येणारे एक साधे चित्र लावून पाहिले. तेही दिसेना. म्हणजे दोष चित्रातही नव्हता. यंत्राला चित्र दाखवावयाचेच नाही असे कोणीतरी सांगून ठेवले होते.

“बाबा,” सूनबाई म्हणाल्या, “काल अक्षरं मोठी करताना आपण काय काय दाबलंत?”

त्या सोयीच्या पानावर अगदी खाली ‘पार्श्वचित्रे काढून टाका’ अशा अर्थाचा एक चौकोन आहे. कमी दिसणाऱ्यांस मागच्या चित्रामुळे अक्षरे वाचताना त्रास होऊ नये हा त्याचा उद्देश. आम्ही त्यात मोठ्या श्रद्धेने खूण केलेली होती. ती काढताच पडदा उजळला. तरुणाने हसू आवरले, याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत.

भगिनींच्या पत्राच्या निमित्ताने काळ्या पडद्याची आणखी दोन-तीन कारणे सांगून टाकतो. विंडोज ७ ची प्रत अधिकृत नाही असा यंत्राचा समज झाला तर ते पडदा काळा करते आणि उजव्या कोपऱ्यात तशी सूचना लिहिते. चित्र पुन्हा लावले तरी थोड्या वेळाने पुन्हा काळे होते. कोपऱ्यात अक्षरे आहेत की नाहीत ते आधी पाहावे. काही छोट्या, स्वस्त लॅपटॉपांवर विंडोज ७ ची ‘स्टार्टर’ नावाची आवृत्ती येत असे. तिच्यात पडद्याचे चित्र बदलण्याची सोयच ठेवलेली नव्हती, तेव्हा तेथे दोष शोधत बसण्यात अर्थ नाही. आणि अधिक डोळसपणासाठी असलेली गडद रंगसंगती चुकून सुरू झाली असेल तरीही चित्र जाते.

चित्र दिसते पण नीट दिसत नाही, अशीही एक तक्रार असते. ग्वाल्हेरच्या अनेक घरांत संगणकावर किल्ल्यातील मानमंदिराचे चित्र असते. त्याच्या निळ्या फरशांची रांग आणि वर मोकळे आभाळ. फार जुन्या यंत्रावर या आभाळात पायऱ्या पायऱ्या दिसतात. रंगांची मांडणी १६ बिटांवर असली तर यंत्राजवळ ६५,५३६ रंग असतात, २४ वा ३२ बिटांवर नेली की १ कोटी ६७ लाखांहून अधिक. आभाळाच्या निळ्यात इतक्या सूक्ष्म छटा असतात, की पहिल्या हिशेबात त्या मावत नाहीत. पडद्याच्या मांडणीत जाऊन बिटांची संख्या वाढवावी, आभाळ सपाट होते.

आभाळावरून आठवले. एक्सपीच्या पडद्यावरचा तो हिरवा डोंगर आणि निळे आकाश आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. ते रंगविलेले चित्र आहे असे आम्ही कित्येक वर्षे समजत होतो. ते खरे छायाचित्र आहे. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकाराने १९९६ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील सोनोमा भागात, मोटारीने जाता जाता थांबून, फिल्मच्या कॅमेऱ्याने ते टिपले. त्या टेकडीवर एरवी द्राक्षमळे असत. मुळांना कीड लागल्यामुळे वेली काढून टाकल्या होत्या, म्हणून तेवढे गवत वाढले होते. २००१ साली एक्सपी आली आणि ती उजाड टेकडी कोट्यवधी घरांत पोहोचली. नंतर तेथे पुन्हा वेली लावल्या गेल्या. म्हणजे ती हिरवळ आता प्रत्यक्षात नाही, पडद्यावरच आहे.

आणि चित्रच यंत्रास आजारी पाडते, असेही घडले आहे. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील एका सरोवराचे सुंदर छायाचित्र अँड्रॉइड १० च्या काही फोनांवर लावताच फोन बंद होऊन पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागले. त्या चित्रातील रंगांची परिभाषा फोनाच्या नेहमीच्या परिभाषेहून मोठी होती. उजेडाचा हिशेब २५५ च्या वर जात नाही असे फोन धरून चालला होता आणि तो एका ठिपक्यापाशी २५६ वर गेला. अनोळखी ठिकाणाहून आलेले फार सुंदर चित्र लावण्यापूर्वी हा किस्सा आठवावा.

आमच्या चित्राचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. ताईला भिंतीवर लावण्याजोगी मोठी तसबीर हवी होती. छायाचित्रकाराने हिशेब करून सांगितले, की इंचाला तीनशे ठिपके धरले तर हे चित्र साडेतीन इंच रुंदही भरत नाही. दीडशे धरले तर सुमारे सात इंच. त्याहून मोठे केले तर चेहरे विरघळतील. आत्याबाईंचा चेहरा तर आधीच अर्धा सावलीत आहे. २००५ साली आम्ही पडद्याच्या मापाला न कापता मोठे चित्र करून घेतले असते, तर आज हाती अधिक आले असते. त्या वेळी पडद्यापलीकडचा विचार केला नाही. तेव्हा सात इंचांचीच प्रत काढली. एक ताईकडे, एक आमच्याकडे आणि एक थोरल्या बंधूंच्या मुलाकडे इंदूरला. फाइल तिघांकडे आहे.

संगणकावर चित्र पुन्हा लावताना सूनबाईंनी ‘फिट’ निवडले. ‘फिल’ करून पाहिले होते, त्यात आईची रुंदी बरोबर राहत होती, पण वरखालचा मिळून एक चतुर्थांश भाग कापला जात होता आणि वृंदावनाचा पाया जात होता. ‘फिट’मध्ये चित्र अख्खे राहते आणि दोन्ही बाजूंस १७१ ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या उरतात. पूर्वी या पट्ट्या आम्हांस रिकाम्या, अशोभनीय वाटल्या होत्या. त्या टाळण्यासाठीच ‘स्ट्रेच’चा उपद्व्याप केला होता. एका पट्टीत चिन्हांच्या दोन उभ्या रांगा सहज मावतात. सूनबाईंनी चिन्हे आपोआप ओळीत लागण्याची सोय बंद केली आणि एकेक चिन्ह उचलून पट्ट्यांत नेऊन ठेवले. चित्रावर आता एकही चिन्ह नाही. कचरापेटी उजव्या पट्टीत, अगदी खाली आहे.

दक्षिणेकडील भगिनींस आम्ही कळविले आहे, की त्यांनी कोणास बोलावण्यापूर्वी आणि पडद्यावर दुसरे काहीही लावून पाहण्यापूर्वी मुंजीचे मूळ चित्र घरात कोठे आहे ते शोधावे. सापडले नाही तर वर सांगितलेल्या ‘थीम्स’मध्ये पाहावे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.